येसाईची फेरी

या गावाला वेस नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. इथे येसाई नावाची सुईण राहायची. जिभेची तिखट, पण असं म्हणतात की, तिच्या हातावर जन्मलेलं बाळ रडायच्या आधी तिच्याकडे बघायचं.

सगुणा तेलिणीचं पहिलं मूल महिन्याच्या आत गेलं होतं. दुसरं झालं, आणि त्याचाही श्वास वाजू लागला. श्वास आत घेताना कोंबडं आरवावं तसा आवाज यायचा. बायका म्हणाल्या, बाळाची दुपटी तिन्हीसांजेला बाहेर वाळत राहिली, त्यांच्यावर पक्ष्याची सावली पडली. त्यावर तेव्हा एकच उपाय होता. बाळाला घट्ट गुंडाळून पाळण्यात उताणं निजवायचं आणि खालून धुरी द्यायची. पहिल्यालाही तशीच दिली होती.

बारशाला पाळण्याखाली धुरी पेटली. बायका पाळणा गाऊ लागल्या. येसाई दारातूनच ओरडली, "गप ऱ्हा गं समद्या!"

गाणं थांबलं. तेव्हा कळलं, पाळण्यातून आता कसलाच आवाज येत नव्हता.

येसाईनं बाळ उचललं. ओठ निळे पडले होते. तिनं दुपटं सोडलं, बाळाला खांद्याशी उभं धरलं आणि मोकळ्या हवेत धावत सुटली. पिंपळापाशी बाळाचा गळा पुन्हा वाजला. मागून धावत येणारी सगुणा तो आवाज ऐकून रस्त्यातच मटकन बसली आणि ढसाढसा रडली.

"पक्षी न्हाई आन् काय न्हाई," येसाई म्हणाली. "पोराचं नरडं जल्मापासनं कवळं हाय. उताणं टाकलं की मिटतंय. उभं धरून घोट घोट पाज. वाढंल तसं घट हुईल."

"आन् धरून धरून हात भरून आलं तर?" सगुणानं विचारलं.

"मी हाय की."

असं म्हणतात, त्या दिवसापासून येसाई पोराला खांद्यावर घेऊन गावाभोवती चालत राहिली. तिला श्वास ऐकू यावा म्हणून ओढ्यातले बेडूक गप्प व्हायचे, वारा झाडांत अडून बसायचा. खडकावर पायवाट उमटली. दोन उन्हाळे सरले, तसा गळ्यातला आवाज विरला आणि पोर खांद्यावरून उतरून पळालं. येसाई मात्र थांबली नाही. डोंगरापलीकडे कुणाचं तरी बाळ वाजतंय, म्हणाली, आणि गेली ती गेलीच.

आजही इथे बारशाला धुरी पेटत नाही. गाण्याआधी सगळ्या बायका गप्प होतात. घरातली मोठी बाई बाळाला खांद्याशी उभं धरून त्याच्या गळ्याला कान लावते. श्वास वाजला, तर पाळणा रिकामाच राहतो आणि बाळ त्याच दिवशी तालुक्याला डॉक्टरांकडे जातं. तिनं कान बाजूला घेईपर्यंत सगळं घर ताटकळत उभं असतं, आणि बाळाची आई स्वतःचा श्वास रोखून धरते.