कळसाची कोरी जागा

एकदा एका गृहिणीने गुढीपाडव्याला संकल्प केला. अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज सकाळी चौकातल्या पारावर बसायचे, गावदेवीचा कळस प्रत्यक्ष पाहून जलरंगात एक चित्र करायचे आणि ते पुरे झाल्यावाचून अन्न घ्यायचे नाही. शेवटचे चित्र देवीच्या ओटीत घालायचे. तिला चित्रकला शिकवणारे वृद्ध गुरुजी छत्री उघडून शेजारी बसत.

शहर मात्र कोणाच्या नेमासाठी थांबत नाही. पार आणि देऊळ यांच्यामध्ये एक इमारत उठत होती. एकेक स्लॅब पडे आणि कळस थोडाथोडा बुडे.

"हे सिमेंटही चित्रात घ्यायचे का हो, गुरुजी?"

"घ्या की. ते तुम्हाला विचारून उभे राहिलेले नाही, आणि तुम्ही वगळल्याने पडणारही नाही."

शेवटचा दिवस उजाडला. ऊन असे की रंगाचा हात फिरतो न फिरतो तोच वाळे. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथे उजेड हवा, तिथला कागद आधीच कोरा राखतात. तिने महिनाभराच्या सवयीने, वर न बघताच, कळसाएवढी जागा राखली आणि आभाळ भरले. मग मान वर केली. कळस नव्हता. त्याच्यापुढे नवा स्लॅब आला होता.

ती वैतागून म्हणाली, "मोडला माझा नेम. जागा बदलावी तर संकल्पात पारच आहे. आठवणीने काढावा तर प्रत्यक्ष पाहीन म्हटले होते. बुजवते आता ही जागा."

तिने कुंचला करड्या रंगात बुडवला, तोच गुरुजींनी तिचे पाण्याचे भांडे उचलून मातीत पालथे केले आणि कुंचलाही काढून घेतला.

"अहो, हे काय केलंत! रंग वाळतील माझे!"

"वाळू द्या. वर पाहा."

दुसरे करण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून ती पाहत राहिली. स्लॅबच्या कडेला एक मजूर बाई आली. तिने डोक्यावरचे घमेले उतरवले, पदर सारखा केला, पाराकडे पाठ करून पलीकडे हात जोडले आणि वाकली. सूर्य तिच्या खांद्यावर होता.

"सगुणे, रोजचंच हाय तुझं!" खालून मुकादम ओरडला. "देवीचं झालं आसंल तर माल घे!"

"घेते की! तुमच्यासाठीबी मागितलंय, बुद्धी!"

गृहिणीने कागदाकडे पाहिले, पुन्हा वर पाहिले. ती बाई नेमकी तिच्या कोऱ्या जागेत उभी होती, आणि तिच्यासमोर कळस होता; हात लांबवला तर लागेल एवढ्या उंचीवर.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "बाई, उजेड आपण काढत नसतो. आपण त्याला जागा ठेवतो. तिथे कोणी उभे राहायचे, ते त्याचे तो ठरवतो. तुम्ही ती जागा रागाने बुजवत होता, म्हणून पाणी ओतले. दर्शन थांबलेले नाही. आज ते तिच्या डोळ्यांत आहे."

त्यांनी कुंचला परत दिला आणि आपल्या पिण्याचे पाणी तिच्या भांड्यात ओतले. तिने कोऱ्या कागदाच्या कडेने चार हलके हात दिले. जोडलेले हात, वाकलेली पाठ. खांद्यावरचा उजेड तसाच राखला. दुपारी ते चित्र देवीच्या ओटीत गेले.

तुमच्या खिडकीतूनही एखादा कळस, एखादा डोंगर दिसेनासा झाला असेल. चरफडण्याआधी घटकाभर वर पाहा, आणि जे आड आले आहे तिथून तो कोणाला दिसतो आहे, तेवढे शोधा.