नानाशेटांचा मधला खांब

एका गावात एक तांबट आळी होती आणि त्या आळीत एवढा आवाज असे, की कावळेसुद्धा तिला वळसा घालून जात. दिवसभर ठाकठूक, ठाकठूक. हंडे, घंगाळी, पराती, बंब, सगळं तिथंच घडायचं. भिंतीला भिंत लागून सात घरं, आणि सातांच्या डोक्यावर एकच लांबलचक कौलारू छप्पर.

छप्पर एक, म्हणून नियमही सगळ्यांना एकच. भट्टीची राख गटारात लोटायची नाही. कौल फुटलं तर त्याच दिवशी बदलायचं. मधल्या भिंतीत खुंटी ठोकायची तर आधी पलीकडच्याला विचारायचं. पन्हळीत चिंध्या अडकवणाऱ्याने सगळ्या आळीची पन्हळ साफ करायची. वाडवडिलांनी घालून दिलेले हे नियम लोक पाळायचे. कुरकुरत पाळायचे, पण पाळायचे.

एक नियम मात्र जगावेगळा होता. अमावास्येला आळीतल्या हातोड्या बंद असायच्या. त्या दिवशी शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरी जाऊन घराचा मधला खांब हातोडीने ठोकून बघायचा. आपला खांब आपण ठोकायचा नाही. कारण आपला तो बाब्या! स्वतःच्या घराचा खांब कोणाला कधी वाईट वाजलाय का? ठोकणाऱ्याने दोनच शब्दांत निकाल द्यायचा, ‘खणखणीत’ किंवा ‘बद्द’. लाकूड काही खणखणीत वाजत नाही, पण तांबटांना भांड्यांचेच शब्द ठाऊक, त्याला कोण काय करणार! एखाद्याचा खांब बद्द निघाला, तर साऱ्या आळीने भट्ट्या विझवायच्या आणि आधी तो खांब बदलायचा.

आळीच्या मधल्या घरात नानाशेट राहायचे. आळीतलं वडीलधारं माणूस. लांबच्या बाजारातून तांब्याचे पत्रे तेच आणायचे आणि घरोघर वाटून द्यायचे. नानाशेटांनी शब्द टाकला की सहा घरांच्या चुली पेटायच्या. माणूस मनाने चांगला, फक्त आवाज मोठा आणि मान त्याहून मोठा.

त्यांच्या शेजारच्या घरात सगुणा नावाची सून होती. बाप तांबट, सासरा तांबट, त्यामुळे तिचाही कान तयार होता. एका अमावास्येला तिचा नवरा भांडी विकायला परगावी गेला होता आणि सासऱ्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता.

सासरा म्हणाला, “सूनबाई, नानांच्या घरी आज तू जा. तीन टोले घाल, खणखणीत म्हण आणि ये निघून.”

“मामंजी, ठोकायच्या आधीच खणखणीत कसं म्हणू?”

“तसंच म्हणायचं असतं,” सासरा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

नानाशेटांच्या घरी लगीनघाई होती. नात चिमा, चार दिवसांनी तिचं लग्न. माजघराच्या माळ्यावर रुखवताची भांडी रचलेली. खाली बायका पापड मोजत होत्या, पोरं हुंदडत होती आणि चिमा मधल्या खांबाला टेकून सुपारीची नक्षी करत बसली होती.

सगुणाने हातोडी उचलली आणि खांबावर एक टोला घातला. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने जरा वर टोला घातला, मग जरा खाली. खांब सगळीकडून सारखाच वाजला. तळ गेलेल्या हंड्यासारखा.

आता मात्र सगुणा पेचात पडली. खरं सांगावं, तर लग्नात मोडता घालणारी म्हणून नाव होणार. नानाशेट रुसले, तर उद्यापासून घरात पत्रा येणार नाही. नवरा परगावी, सासरा अंथरुणाला खिळलेला, पदरात वर्षाचं लेकरू. आणि सांगितलं नाही तर? तिने वर माळ्याकडे बघितलं, खाली पोरांकडे बघितलं आणि हातोडी जमिनीवर ठेवली.

“बद्द,” ती म्हणाली.

पापड मोजणारे हात थांबले. नानाशेट आतून तरातरा बाहेर आले.

“काय म्हणालीस?”

“बद्द वाजतोय, नाना. आतून पोखरलाय.”

“पोरी, तुझा सासरा वर्षानुवर्षं हाच खांब ठोकत आला. दर अमावास्येला खणखणीत! आणि तू काल आलेली मला शिकवतेस?”

“मी कोणाला शिकवत नाही. जसं ऐकू आलं तसं सांगितलं.”

“मग कान तपासून घे!” नानाशेट गरजले. “बोलवा सगळ्यांना. ठोकू देत एकेकाला.”

आळी गोळा झाली. बाकीच्या पाच घरांतले पाच कारभारी पुढे झाले. पहिल्याने टोला घातला, क्षणभर थांबला, नानांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, “खणखणीत.” दुसरा म्हणाला, “खणखणीत.” तिसऱ्याने तर हातोडी लाकडाला जेमतेम टेकवली. पाचही जणांचा निकाल तोच.

“झालं समाधान?” नानाशेट म्हणाले. “आता माफी माग आणि घरी जा. घरात मंगलकार्य आहे, म्हणून जास्त बोलत नाही.”

सगुणाचे डोळे भरून आले. पण ती जागची हलली नाही. पाच कसबी तांबट आणि एकालाही तो आवाज ऐकू येऊ नये? ऐकू तर आला होता. पहिल्याचं थांबणं तिने पाहिलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती काही खोटी नाही, पण इथे तर ती सगळ्यांच्या जिवावर उठली होती. सगुणाने पदर खोचला.

“माझा कान खोटा ठरला तर मी माफी मागेन,” ती म्हणाली. “आळी सोडून जा म्हणालात तर तेही करेन. पण एक करा. बाहेर पडवीत रुखवताची मोठी घंगाळी उरलीत, ती आत्ता माळ्यावर चढवा. आणि हा खांब ज्यांना ज्यांना खणखणीत वाटला, त्यांनी आपापली पोरं इथे खांबापाशी बसवावीत. घंगाळी वर जाईपर्यंत. बास, एवढंच.”

“चढवा रे!” नानाशेट म्हणाले. “होऊन जाऊ दे.”

दोन गड्यांनी घंगाळ उचललं आणि शिडीला पाय लावला. तेवढ्यात एक बाई पुढे झाली. पहिल्या कारभाऱ्याचीच बायको. तिने आपल्या पोराला दंडाला धरून ओढलं आणि अंगणात नेलं. दुसरीने आपल्या मुलीला हाक मारली, “चल गं, चुलीवर दूध आहे.” तिसऱ्याने स्वतःच आपल्या दोन्ही पोरांना बखोटीला मारलं. बघता बघता माजघर रिकामं झालं.

खांबाला टेकून एकटी चिमा तेवढी बसली होती. तिला ऊठ म्हणणारं कोणी नव्हतं.

नानाशेटांनी रिकाम्या माजघराकडे बघितलं. मग नातीकडे बघितलं. त्यांचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला.

“चिमे,” ते म्हणाले, “ऊठ. ये बाळा, माझ्याकडे ये.”

चिमा उठली. नानाशेटांनी तिला दाराबाहेर उभं केलं, गड्यांना शिडीवरून खाली बोलावलं आणि जमिनीवरची हातोडी उचलली. आपला खांब आपण ठोकायचा नाही हा नियम त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोडला. टोला घातला तशी हातोडीचं तोंड लाकडात रुतून बसलं. ओढून काढलं, तर त्या भोकातून वाळवीची माती भुरुभुरु खाली आली. वर काहीतरी करकरलं आणि दोन कौलं घसरून अंगणात फुटली.

“टेकू आणा!” सगुणा ओरडली.

मग मात्र आळी धावली. भट्ट्या विझल्या, बल्ल्या आल्या, टेकू लागले. बायकांनी हातोहात रुखवत खाली उतरवलं. जुना खांब काढला, तेव्हा त्याची नुसती साल शिल्लक होती. सगळ्यांनी मिळून रात्रीचा दिवस केला आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सागाचा नवा खांब उभा राहिला.

त्या संध्याकाळी सगळे दमून ओट्यावर बसले होते. सगुणाचा सासराही काठी टेकत आला होता. नानाशेटांनी एकेकाकडे बघितलं.

“खरं सांगा,” ते म्हणाले. “कधीपासून ऐकत होतात?”

सगुणाचा सासराच आधी बोलला. “दोन वर्षं झाली, नाना. तुमचा मान मोठा. जीभ रेटली नाही.”

“आणि उद्या लग्नाला तुम्ही सगळे माझ्या माजघरात जेवायला बसणार होतात ना? बायकापोरांसकट?”

पहिला कारभारी मान खाली घालून म्हणाला, “नाही नाना. आम्ही आपापसात ठरवलं होतं. आम्ही अंगणात पंगत धरणार होतो.”

नानाशेटांना हुंदका आवरला नाही. साऱ्या आळीने त्यांना इतका मान दिला होता, की छपराखाली त्यांना एकट्यालाच ठेवलं होतं. सगुणा उठली आणि तिने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो घेताना ते तिला एवढंच म्हणाले, “पोरी, या आळीत माझं माणूस तू एकटी निघालीस.”

याचं तात्पर्य पोरांनी ध्यानात ठेवावं आणि थोरांनी त्याहून जास्त: शेजाऱ्याच्या घराचा दोष भिडेपोटी झाकणं हा शेजारधर्म नव्हे, ज्या छपराखाली आपण आपलं मूल बसवणार नाही, ते खणखणीत आहे असं दुसऱ्याला कधीही सांगू नये.