उपरण्याखालचा भाव

“…मग शाळेवर माझ्या वडिलांचं नाव लागलं, तर त्यात वाईट काय, बाबा?”

बाजीबा हांडे पिराच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. समोर गुलाबशा फकीर सुपात तांदूळ निवडत होता.

“वाईट काहीच नाही,” फकीर म्हणाला.

“पण लोक ऐकत नाहीत ना!”

कळंबखेडचा शनिवारचा बाजार पाच तालुक्यांत नावाजलेला. गुरांचे दलाल हा त्या बाजाराचा कणा, आणि दलालांचा पुढारी बाजीबा. एवढा मोठा बाजार, पण गावची शाळा सातवीपाशी संपायची. पुढं शिकायचं तर नदीपलीकडं जावं लागे. मुलगे जात, मुली घरी बसत. बाजीबाची धाकटी लेक जना यंदा सातवीत होती.

म्हणून ठराव निघाला. बाजारात जो जे विकेल, त्यानं त्या विक्रीवर थोडी जादा पट्टी भरायची. तिच्यातून दहावीपर्यंतचे वर्ग, पाण्याचे नळ आणि बाजाराला येणाऱ्या बायकांसाठी संडास बांधायचे. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत हात वर करून निकाल लागणार होता.

ही कल्पना बाजीबाचीच. जनावरांची किंमत मोठी, त्यामुळं पट्टीचा भार दलालांवरच जास्त पडणार होता. तरी त्यानं एकेकाच्या घरी जाऊन त्यांना वळवलं होतं. फक्त एक अट घातली होती. शाळेवर पाटी लागेल ती त्याच्या वडिलांच्या, तुळशीराम हांडे यांच्या नावाची.

“सोनाक्का कासारीण आज भर चौकात काय म्हणाली, ऐकलंत?” बाजीबाचा आवाज चढला. “म्हणते, ‘पट्टी माझ्या बांगड्यांवर आणि नाव तुझ्या बापाचं? मग माझ्या बापानं काय घोडं मारलंय?’ ”

“लोक हसले?”

“हसले तर! आता भाजीवाले, कुंभार, सगळे तिच्या बाजूला गेलेत. उद्या कुणी हात वर करत नाही.”

“मग अट सोड.”

“नाही सोडणार. ठराव पडला तर पडला.”

“आणि जना?”

बाजीबानं सुपातला एक तांदूळ उचलून बोटांत फिरवला.

मग हळू आवाजात म्हणाला, “अण्णा जन्मभर अंगठा उठवत आले, बाबा. तलाठ्यासमोर अंगठा पुढं करताना मान खाली घालायचे. त्या माणसाचं नाव शाळेवर लागावं, एवढाही अभिमान मी बाळगायचा नाही?”

फकिरानं सूप बाजूला ठेवलं. हात झटकले.

“असं कर. तुझा हा ठराव मीच विकत घेतो. बोल, काय घेशील?”

“थट्टा करता काय गरिबाची?”

“गरीब कधीपासून झालास? उपरणं काढ.”

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. किती मागितलं, किती उतरलं, शेजारच्यालाही कळत नाही. कुणाची लाज जात नाही. या कामात बाजीबाचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

त्यानं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि सवयीनं नजर दुसरीकडं वळवली. खाली एकच बोट पुढं केलं. एक पाटी.

बाबा आता हे बोटही दुमडायला लावणार, हे तो धरूनच चालला होता. घेणारा भाव पाडतो. त्यानं मन घट्ट केलं.

फकिरानं त्याची पाची बोटं मुठीत धरली.

बाजीबा चमकला. चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही. त्यानं पुन्हा एकच बोट पुढं केलं.

फकिरानं मनगट धरलं.

“बाबा!” नियम मोडून बाजीबा बोलला. “घेणारा कधी भाव चढवतो का?”

“विकणारा खुळा असला की चढवावा लागतो.”

“मनगट म्हणजे किती? कितीएक पाट्या?”

फकीर इतका हसला, की त्याला ठसका लागला. पण मनगट सोडलं नाही.

“बाजीबा, तुझ्या बापानं विकलेली बैलजोडी लोक कशी ओळखायचे?”

“चालीवरून. जोडी रस्त्यानं निघाली की लांबूनच म्हणायचे, ही तुळशीरामाच्या हातची.”

“बैलांवर नाव घातलेलं असायचं?”

“छे! विकलेल्या जनावरावर कुणी आपलं नाव घालतं का?”

…

झाडावरचे कावळे कलकलाट करत होते. उपरण्याखाली बाजीबानं पुढं केलेलं बोट हळूहळू आपणहून मागं गेलं.

“फार स्वस्तात विकायला निघाला होतास,” फकीर म्हणाला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत बाजीबा उभा राहिला. त्याला लांबलचक बोलायची सवय होती, पण त्या दिवशी थोडक्यात आटोपलं. “अट मागं घेतली. शाळेला गावाचंच नाव. दलाल पट्टी भरणार. बाकीच्यांनी आपलं ठरवावं.”

लोक एकमेकांकडं बघू लागले.

मग मागच्या रांगेत बांगड्या वाजल्या. सोनाक्काचा हात वर होता.

“बघता काय माझ्याकडं?” ती शेजारच्या भाजीवाल्यांवर ओरडली. “बाजार आपला, शाळा आपली. का तीही दुसऱ्या गावानं बांधून द्यायची?”

हात वर गेले. कुंभारांचे, भाजीवाल्यांचे, घोंगड्या विकणाऱ्या धनगरांचे. ग्रामसेवकानं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच नाद सोडून दिला. “विरोधात कोण, तेवढं सांगा,” तो म्हणाला. कुणीच नव्हतं.

बाहेर पडताना सोनाक्कानं बाजीबाला गाठलं. “काय रे, तोरा तर कालच्यापेक्षा जास्तच दिसतोय तुझा!”

तो तसाच पिराकडं आला. ओट्यापुढं उभा राहिला, पण बसेना.

“झालं, बाबा. एकमतानं झालं. पाच तालुक्यांत असा बाजार दाखवा, ज्यानं आपण होऊन आपल्यावर पट्टी बसवून घेतली!”

“हं.”

“माझं नाव कुठंच नाही. अण्णांचंही नाही…”

“हं.”

“मग माझी छाती अशी का फुगलीय? काल तुम्ही मला अभिमान सोडायला लावलात ना?”

फकिरानं सुपातून एक खडा उचलून बाहेर टाकला.

“मी? मी तर भाव चढवला होता.”