आरशाच्या कव्हराचा रंग

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे मोटारीचे भाग घेऊन गेला. इथेच काही वाचक थबकतील, याची मला कल्पना आहे. दृष्टांतातला शिष्य समिधा घेऊन जातो, फार तर फळे घेऊन जातो. पण आमचा शिष्य पन्नाशीला टेकलेला, पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा गृहस्थ होता आणि त्याचे गुरू म्हणजे शाळेत त्याला चित्रकला शिकवणारे मास्तर, जे आता बरेच वृद्ध झाले होते. दृष्टांतातल्या माणसांना नावे नसतात, म्हणून या दोघांची सांगत नाही. शिष्याच्या मुलीचे मात्र सांगतो, कारण जे काही घडले ते तिच्यापायी घडले. तिचे नाव शाल्मली.

शाल्मलीला शेजारच्या तालुक्यात नोकरी लागली होती. रोज जाऊन-येऊन करता यावे म्हणून घरची जुनी गाडी तिला द्यायचे वडिलांनी ठरवले आणि तिला चालवायला शिकवण्याचे कामही हौसेने स्वतःकडेच घेतले. शिकणे संपत आले असताना एके सकाळी गाडी फाटकातून आत घेताना तिचा अंदाज चुकला आणि डावी बाजू खांबाला घासली. आरशाचे कव्हर खरचटले, दाराचे हँडल खरचटले, बंपरच्या कोपऱ्यावरची पट्टीही. एवढ्याने काही आकाश कोसळत नाही. पण वडिलांचा पारा चढला. समोरची मंडळी ओट्यावर बसली होती, शाल्मलीच्या मैत्रिणी तिला भेटायला आलेल्या होत्या, आणि त्या सगळ्यांदेखत तो म्हणाला, "हिच्या हातात कुणी सायकलसुद्धा देऊ नये."

मंडळी हसली. शाल्मलीने किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि ती घरात गेली. त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. नोकरीला बसने जाईन, म्हणाली. वडिलांशी तिचे बोलणे 'हो', 'नाही' आणि 'ताट वाढलंय' एवढ्यावर आले.

या गृहस्थाचे आपल्या मुलीवर निरतिशय प्रेम होते. आपले चुकले, हे त्याला त्याच संध्याकाळी कळले होते. पण चूक कळणे निराळे आणि ती तोंडाने उच्चारणे निराळे. या दुसऱ्या कलेत आपल्याकडचे वडील लोक फारसे प्रवीण नसतात. मग अशा वेळी सगळे करतात तेच त्याने केले. तिच्या आवडीची बासुंदी आणली. नवा मोबाइल घ्यायचा का, म्हणून विचारले. ऊठसूट तिचे कौतुक करू लागला. मोबाइलला ती नको म्हणाली, आणि कौतुक चालू असताना ताटाकडे बघत राहिली. हे पाहून त्याचा जीव तुटायचा. शेवटी त्याच्या मनाने घेतले, की खरचटलेले भाग असे झकास रंगवावेत की त्या दिवसाची खूणच राहू नये. खूण गेली की विषय मिटला, आणि मग पोरगी आपोआप गाडीत बसेल.

आरशाचे कव्हर, हँडल, बंपरच्या कोपऱ्यावरची पट्टी, असे प्लास्टिकचे लहान लहान भाग सोडवून तो गच्चीवर बसला. खाली वर्तमानपत्रे अंथरली. त्यांत छापलेले माझे लेखन या कामी आले असेल, तर माझी काही तक्रार नाही. भाग चकचकीत हवेत, म्हणून डॅशबोर्डला लावायचे पॉलिश त्याने त्यांना मनसोक्त चोळले. मग स्प्रेचा डबा खळखळून हलवला आणि एका दमात दाट रंग मारून टाकला. वाऱ्याने थोडा रंग दोरीवरच्या साडीवर गेला. त्यावर त्याच्या पत्नीने जे प्रवचन केले, ते इथे देत नाही. भाग मात्र नव्या गाडीचे वाटावेत इतके सुरेख दिसू लागले.

वाळल्यावर ते एका खोक्यात ठेवून तो मास्तरांकडे निघाला. खरे सांगायचे तर त्याला शाबासकी हवी होती. लहानपणी चित्र पुरे झाले की तो असाच धावत त्यांच्याकडे जायचा, आणि माणूस कितीही मोठा झाला तरी ही सवय जात नाही.

मास्तर व्हरांड्यात गल्लीतल्या मुलांनी काढलेली चित्रे टेपने भिंतीवर चिकटवत होते. त्यांनी कव्हर हातात घेतले, उजेडात फिरवून पाहिले आणि छान दिसतेय म्हणाले. मग हे कुणासाठी, म्हणून विचारले. शिष्याने सगळी हकीकत सांगितली. फाटकाजवळचा प्रसंग त्याने जरा भरभर उरकला. तिला थोडे बोललो, एवढेच म्हणाला. ते बोलणे चुकले असे तिला सांगितलेस का, असे मास्तरांनी विचारले. त्यावर शिष्य म्हणाला, की आता ते उकरून कशाला काढायचे, रंग पाहिला की ती विसरूनच जाईल.

मास्तरांनी टेपचा एक तुकडा तोडला, कव्हरवर जिथे सर्वांत जास्त चमक होती नेमका तिथे चिकटवला, अंगठ्याने सावकाश दाबला आणि खस्सकन ओढला.

टेपबरोबर रंगाची अख्खी पट्टी सुटून आली. खाली जुने काळे प्लास्टिक उघडे पडले.

शिष्य बघतच राहिला. पन्नाशीच्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. "सर, हे काय केलंत? सोमवारी तिची नोकरी सुरू होतेय. आज घरी जाऊन मी हे तिला दाखवणार होतो."

मास्तरांनी तोवर दुसरा तुकडा हँडलला लावला होता. तिथलाही रंग निघाला, आणि बंपरच्या पट्टीचाही. मग त्यांनी शिष्याला जवळ बसवले, प्यायला पाणी दिले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अरे, मी नाही रंग काढला. तो धरलाच नव्हता. पहिल्यांदा गाडी धुताना असाच सुटून आला असता, आणि फडकं तिच्या हातात असतं. त्यापेक्षा माझ्या हातात सुटला ते बरं. तू चमकीवर रंग दिलास. तिथे तो नुसता बसतो, धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पॉलिश काढ, मग सँडपेपरने घास. सगळी चमक जाईल, भाग विद्रूप दिसेल, ओरखडा होता त्याहून मोठा वाटेल. तिथे घाबरायचं नाही. मग प्रायमर, म्हणजे रंग धरणारं अस्तर, आणि मग रंग, तोही पातळ. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही."

मास्तरांचा आवाज आणखी मऊ झाला.

"गेला महिनाभर घरातही तू पॉलिशच लावतोयस. बासुंदी आणलीस, मोबाइल देऊ केलास. तुझी माया खोटी नाही रे. पण तुझं ते बोलणं खाली तसंच आहे. त्याच्यावर माया धरेल कशी?"

शिष्याने खाली मान घातली. मग हळूच म्हणाला, "मी चुकलो म्हटल्यावर तीही म्हणाली, की हो, चुकलातच, तर?"

"म्हणेल की. म्हणू दे," मास्तर म्हणाले. "तेच तर घासणं."

घरी जाऊन तो मागच्या अंगणातल्या नळाशी बसला. साबणाने भाग धुतले आणि सँडपेपरने घासू लागला. आवाज ऐकून शाल्मली दारात आली. हे तर तुम्ही रंगवले होते ना, असे तिने विचारले. कितीतरी दिवसांनी ती आपणहून एक पुरे वाक्य बोलली होती. रंगच भिकार निघाला असे सांगून त्याला सहज सुटता आले असते. त्याने तसे केले नाही.

"रंग चांगला होता. मी खाली पॉलिश लावून ठेवलं होतं," तो म्हणाला. मग घासता घासताच, मान वर न करता म्हणाला, "शाल्मली, त्या दिवशी चारचौघांत मी तुला बोललो, ते चुकलं माझं."

ती म्हणाली, "काय बोललात, ते आठवतंय तुम्हाला?"

आठवत होते. आणि हेच सर्वांत अवघड होते. त्याने ते वाक्य जसेच्या तसे, एक शब्द न गाळता पुन्हा उच्चारले. स्वतःच्या कानांना ते आता असह्य वाटले.

शाल्मली पायरीवर बसली. "बाबा, स्टिअरिंगवर हात ठेवायचं मनात आलं, की मला हेच ऐकू येतं. आणि त्या लोकांचं हसणं."

एवढे काय मनावर घ्यायचे, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने गिळले.

"त्यांना हसवलं मीच," तो म्हणाला.

नळाचे पाणी वाहत होते, ते बंद करायचेही कुणाला सुचले नाही. थोड्या वेळाने शाल्मलीने पुढे होऊन नळ बंद केला, सँडपेपरचा तुकडा फाडून घेतला आणि हँडल उचलले. किती घासायचे, असे तिने विचारले. चमक पूर्ण जाईपर्यंत, असे त्याने सांगितले. मग दोघे शेजारी शेजारी बसून घासत राहिले. ते भाग इतके कळाहीन दिसू लागले, की कुणाला दाखवायची लाज वाटावी. त्या बापाला मात्र ते फार आवडले.

दुसऱ्या दिवशी प्रायमर दिला, आणि तो वाळल्यावर रविवारी रंगाचा पहिला हात. पातळ असल्यामुळे तो ठिकठिकाणी विरळ दिसत होता. शिष्याचा मूळचा उतावळा स्वभाव उसळून आला. सोमवार तोंडावर होता. वाळायची वाट न पाहता आणखी एक दणदणीत हात मारावा म्हणून त्याने डबा उचलला. शाल्मलीने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"घाई नको, बाबा. नीट वाळू दे. हा आठवडा मी बसने जाईन, पुढच्या सोमवारी गाडी नेते."