चौदा स्टॉप

“…आज चाचा स्टुडिओची किल्ली शार्दूलला देणार म्हणे. खरंच सांगते. पण त्याआधी त्याला—”

हापसा खडखडला आणि पाणी भरणाऱ्या बायकांचं पुढचं बोलणं पाण्यात गेलं.

शार्दूलला एवढंही पुरे होतं. तीन वर्षं तो दस्तगीरचाचांच्या हाताखाली फोटो काढायला शिकत होता. तो ताठ मानेनं स्टुडिओत शिरला.

चाचा कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर शार्दूलनं काढलेले परवाच्या लग्नाचे फोटो होते.

“सकाळी तारामावशी येऊन गेली,” चाचा म्हणाले. “नवरीची आई. विचारत होती, माझा एखादा फोटो आहे का?”

“बघतो की. पण आधी ही रेंज बघा, चाचा! नवा कॅमेरा. चौदा स्टॉप!”

“सांगलीच्या एसटीला एवढे नसतात.”

“तसले स्टॉप नव्हेत हो! लख्ख ऊन आणि गच्च काळोख, दोन्ही एकाच फोटोत धरतो हा. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात हे दार नुसतं काळं आलं असतं.”

त्यानं पडद्यावरची उजेड वाढवायची खूण हळूच सरकवली. नवरानवरीच्या मागचं काळं दार उजळत गेलं. चौकट दिसली. हंडा दिसला.

मग एक बाई दिसली. पदराचं टोक दातात. मंडपातल्या सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या होत्या. हिची मूठ मिटलेलीच.

“बघा, एवढं उजळूनही फोटो कुठं फुटला नाही!”

“ही कोण?”

“असेल कुणीतरी,” शार्दूल नीट न बघताच म्हणाला. “आचाऱ्याकडची बाई.”

चाचांनी चष्मा काढला.

“पाटावर उभी आहे ना, ती हिच्या पोटची पोर.”

शार्दूलनं वाकून पाहिलं. तारामावशीच. नवरा गेल्यावर तारामावशीनं ब्लाउज शिवून पोर वाढवली, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मांडव तिचा, जेवण तिचं, राबणं तिचं. आणि अक्षतांच्या वेळी चार शहाण्यांनी तिला दाराआड उभं केलं! साडेतीनशे फोटो निघाले. वरातीतल्या घोड्याचेच अकरा.

“पण चाचा, तीच पुढं आली नाही. लोकांनी सांगितलं होतं तिला, विधवेनं समोर—”

“लोकांनी तिला सांगितलं.” चाचांचा आवाज चढला. “कॅमेऱ्यालाही सांगितलं होतं?”

“तू त्या दारातून आत का गेला नाहीस?”

“पायात बूट होते.”

“मग?”

“लेस होत्या, चाचा. सोडत कोण बसणार…”

चाचांनी त्याच्या बुटांकडं पाहिलं.

“पण बिघडलं कुठं?” शार्दूल घाईनं म्हणाला. “यातूनच तिचा चेहरा मोठा करून देतो. फाईलमध्ये तेवढी ताकद आहे.”

चाचांनी स्वतः हात पुढं केला. खूण होती तिथं परत नेली. दार पुन्हा काळं झालं.

“मोठा करून काय देशील? ती लपलेली?”

“मग तिला सांगायचं काय? फोटो नाही म्हणून?”

“पोरीच्या लग्नात आई नाही म्हणून? सांग. माझी जीभ उचलत नाही.”

शार्दूलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

चाचा उठले. खण ओढला. किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“चाचा… म्हणजे स्टुडिओ…”

“कुलूप लाव म्हणतोय. आपल्याला तारामावशीकडं जायचंय.”

हापशावरची बातमी निम्मी खरी निघाली.

“कॅमेरा घेऊ?”

“घे की. चांगला आहे.”

शार्दूलनं कुलूप लावलं. दोन पायऱ्या उतरला आणि अडखळला.

“मावशीच्या खोलीला खिडकी एकच आहे, चाचा. उजेडाचं काय करायचं?”

चाचा पुढं चालू लागले होते. त्यांनी मान वळवली नाही.

“उजेड मागू नकोस. बूट काढून आत बस. चहा माग.”