ठकूचं खिंडार

पाहुणे, वर बघा. बोरड्याचा डोंगर, शेजारी घोडमाळ आणि मागची ती उघडीबोडकी टेकडी. तिघांच्या अंगावर पडलेला पाऊस उताराउतारानं याच एका ओढ्यात येतो. ओढा आधी वरच्या हिवळ्याला लागतो, मग खालच्या हिवळ्याला. मध्ये ही जुनी दगडी भिंत, आणि भिंतीत एक बाई मांडी घालून बसेल एवढं खिंडार. ते कुणी बुजवत नाही.

असं सांगतात, की फार मागे वरच्या गावच्या रावजी पाटलाला हाव सुटली. सगळं पाणी आपल्याच मळ्यांना हवं म्हणून त्यानं ओढ्यावर ही भिंत घातली. खालचे लोक ती फोडतील हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं डोहाकाठचा आसरादेवीचा शेंदरी दगड उचलला आणि भिंतीच्या मधोमध बसवला. देवीवर कुदळ कोण उगारणार? खालची बाप्ये मंडळी तावातावानं आली, हात जोडून परत गेली. विहिरी आटल्या. लोक गाव सोडायची भाषा करू लागले.

खालच्या गावात ठकू परटीण राहायची. दर चैत्रात देवीचं लुगडं धुवायचा मान तिच्या घराण्याचा. त्या सालीही पाटलानं रिवाजाप्रमाणे लुगडं धाडलं, आणि तिथंच तो फसला. ठकूनं कोरडा ओढा बघितला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला तहानेनं मारायचं आणि वर सेवाही आपल्याच हातची घ्यायची!

लुगडं डोक्यावर घेऊन ती कोरड्या पात्रातून भिंतीपाशी आली. पाटील वर उभाच होता.

"लुगडं वाहत्या पाण्यात धुवायचं असतंय, पाटील," ठकू म्हणाली. "आन् आईला न्हाऊ घातल्याबिगर नेसवायचं नसतंय. वाहतं पाणी दावा."

ठकूनं पदर खोचला, देवीची ओटी भरली आणि दगड हलवून हलवून उपसून काढला. पाण्याचा लोट सुटला, वरचे दगड ढासळले. देवीला कवटाळून ती कशीबशी बाजूला झाली. मग तिनं देवीला न्हाऊ घातलं, लुगडं धुतलं, ओलंच नेसवलं. सगळं रीतीप्रमाणे.

"आता दगड परत बसव," पाटील गरजला.

"न्हाई बसवत," म्हणत ठकू देवीला मांडीवर घेऊन खिंडारातच बसली.

पाटलानं गडी बोलावले, पण देवीच्या अंगावर चिखल टाकायला एकही तयार होईना. त्याचा डाव त्याच्याच अंगाशी आला. पाणी ठकूच्या छातीला धडका देत खाली चाललं होतं. खिंडार बुजवणार नाही, अशी पाटलानं देवीवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हाच ती उठली. ती तिथंच दगड झाली असं काही जण म्हणतात. अजिबात नाही! घरी गेली, धुणी धुतली, नातवंडांना धपाटे घालत म्हातारी झाली.

आजही चैत्रात खालच्या गावची एक सून खिंडारात बसते. वरचा पाटील हात जोडून विचारतो, "बाई, उठता का?"

"भिंत पाडा, मग उठते."

पाटील मान खाली घालतो. मग ती आपल्या मर्जीनं उठते आणि भिंतीचा एक दगड काढून घेऊन जाते. भिंत मुळात दोन पुरुष उंच होती म्हणे. आता तिच्यावरून शेळी उडी मारते.