कुंभाराच्या हातातला वस्तरा

फार फार जुनी गोष्ट. आपल्या पणजोबांचे पणजोबा पाळण्यात अंगठा चोखत होते, तेव्हाची म्हणा ना. लहानांनी पुढे सरकून बसा, थोरांनी मागून ऐका. गोष्ट दोघांचीही आहे.

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात तुळाजी न्हावी आणि म्हाळू कुंभार राहत. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. लहानपणी दोघं एकाच चिंचेवर चढले, एकाच फांदीवरून पडले आणि दोघांनी एकाच काठीचा मार खाल्ला. आता दोघांचेही केस पिकले होते. गाव त्यांना आबा म्हणायचं, पण एकमेकांना ते अजून तुळ्या आणि म्हाळ्याच होते.

तुळाजीचा हात म्हणजे काय विचारता! चिंचेखाली तो आपली हत्यारांची धोकटी उघडायचा, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सरसर फिरवायचा आणि समोरच्याला गप्पांत असा गुंगवायचा, की दाढी कधी झाली ते कळायचंच नाही. पाटील असो नाहीतर गुराखी, सगळ्यांनी त्याच्यापुढे डोळे मिटून मान वर केली होती. स्वतःची दाढीही तो स्वतःच करायचा, आणि तीही आरशात न बघता.

पण म्हातारपण काही कुणाची भीड ठेवत नाही. तुळाजीचे हात थरथरायला लागले. काही दिवस त्याने ते लपवलं. मग एका सकाळी पाटलांच्या कानाला वस्तरा लागला. पाटील भला माणूस. "असू द्या आबा, अजून एक कान आहे की," म्हणून हसला. तुळाजी मात्र हसला नाही. त्याने वस्तरा पुसला, धोकटी गुंडाळली, घरी जाऊन ती खुंटीला टांगली आणि दार लोटून घेतलं.

मग काय, गावाला दुसरा न्हावी शोधावा लागला. शेजारच्या गावचा एक तरुण बाजाराच्या दिवशी येऊन चिंचेखाली बसू लागला. पोरगा मोठा अदबीचा. तो आधी तुळाजीच्या दारात आला आणि म्हणाला, "आबा, तुमची दाढी करून देऊ का?"

आतून आवाज आला, "माझ्या चिंचेखाली बसतोस ते पुष्कळ झालं. माझ्या हनुवटीला हात लावायचं काम नाही!"

बिचारा आल्या पावली परत गेला. तुळाजीची दाढी वाढत वाढत छातीपर्यंत आली. ज्याने गावाचे चेहरे उजळले, त्याचा चेहरा कुणाला दिसेनासा झाला.

अशात तुळाजीची लेक ठकू हिचा सासरहून निरोप आला. बाळाचं जावळ काढायचं होतं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं, पण ठकूला भाऊ नव्हता. म्हणून येत्या पुनवेला ती बाळाला घेऊन माहेरी येणार होती. आजोबाच्याच मांडीवर जावळ करायचं असं तिने ठरवलं होतं.

निरोप घेऊन म्हाळू उड्या मारतच आत गेला. तुळाजीने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तिला कळव, येऊ नको म्हणावं."

"अरे, वेड लागलं का तुला?"

"नातवाचं जावळ, आजा न्हावी, आणि वस्तरा परक्याच्या हातात? शिवाय मी हा असा अस्वलासारखा! पोर घाबरून रडेल. नकोच ते."

म्हाळू घरी आला. चाकावर बसला खरा, पण मातीत मन लागेना. लेकीला येऊ नको म्हणणारा बाप उद्या जगायलाही नको म्हणेल, हा विचार त्याला सोडेना. निरोप पाठवायचा नाही, एवढं त्याने मनाशी ठरवलं. पण पुनवेपर्यंत या गड्याला उजेडात आणायचं कसं?

चाक फिरत होतं आणि त्या घरघरीत म्हाळूला जुने दिवस आठवले. काय दिवस होते ते! तुळाजीचा बाप लेकाला वस्तरा शिकवायचा, तो म्हाळूच्याच अंगणात. कच्च्या मडक्याला राखेचा लेप द्यायचा आणि तो वस्तऱ्याने अलगद उतरवायचा. मडक्यावर ओरखडा उठला नाही म्हणजे हात बसला. तुळ्याने मात्र ओरखड्यांची नक्षीच काढली होती! म्हाळूचा बाप ओरडायला लागला की म्हाळू म्हणायचा, मडकी मांजराने बोचकारली. त्या मांजराचा फुकटच उद्धार व्हायचा.

पुढे मडक्यांवर हात बसला, पण खरी हनुवटी कोण देणार? नवशिक्यापुढे मान करायला गावात एकही माणूस तयार होईना. तेव्हा म्हाळूला नुकती कोवळी दाढी फुटली होती. तो चिंचेखाली जाऊन बसला आणि म्हणाला, "घे माझी." वस्तरा हनुवटीखाली लागलाच. रक्त बघून दोघांची बोबडी वळली. मग म्हाळूने आईला सांगितलं, बाभळीचा काटा लागला.

म्हाळूने हनुवटीखाली बोट फिरवलं. तो व्रण अजून तिथेच होता. त्याने चाक थांबवलं आणि तो तसाच मातीच्या हातांनी उठला.

"तुळ्या, वस्तरा गंजेल. दे, तेल लावून ठेवतो," असं सांगून त्याने धोकटी घरी आणली. मग अंगणात कच्ची मडकी मांडली, त्यांना राख फासली आणि वस्तरा हातात घेतला.

देवा रे देवा! पहिलं मडकं चेपलं, दुसऱ्याचा टवका उडाला. म्हाळूची बायको बनाई पदर तोंडाला लावून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय हो, अक्कल गहाण टाकली का? या वयात मडक्यांच्या दाढ्या करताय!"

"तू चूल बघ."

"चूल बघते हो. पण बाजारात न्यायला एखादं मडकं तरी बिनदाढीचं ठेवा!"

म्हाळूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मडक्यांवर जरा जमतंय असं वाटलं, तशी त्याने स्वतःच्या गालाला कोमट पाणी चोळलं आणि परातीतल्या पाण्यात बघत वस्तरा लावला. पुढचं काय सांगू! थोड्या वेळाने तो तुळाजीच्या दारात उभा राहिला, तेव्हा तोंडभर राखेच्या चिमटी चिकटवलेल्या होत्या आणि मधूनमधून रक्त डोकावत होतं.

तुळाजीने अंधारातून पाहिलं. आधी तो दचकला आणि मग खो खो हसला. त्या घरात कित्येक दिवसांनी कुणी हसलं होतं.

"कुणी खरवडलं रे तुला?"

"मीच. वस्तरा शिकतोय."

"हे शिकणं? वैऱ्याची पण कुणी अशी दशा करत नाही! उजेडात ये, बघू दे."

जातिवंत कारागीर तो, बिघडलेलं काम बघून त्याला गप्प बसवेना. ज्या दाराबाहेर तो पाऊल टाकत नव्हता, त्याच दाराच्या ओट्यावर येऊन बसला आणि शिकवायला लागला. रोज सकाळी शिकवणी आणि रोज बोलणी. "वस्तरा निजवून धर, उभा नको. केसाच्या कलाने जा. अरे, दाबतोस कशाला? माती मळतोयस का?"

पण म्हाळूचा हात काही हलका होईना. जन्मभर त्याने मातीच दाबली होती. एक दिवस तुळाजी वैतागून म्हणाला, "उजवा हात मरमर मरतोय आणि डावा काय करतोय? निजलाय का? त्याने कातडी ताण. गाल फुगव. आतून वारा, बाहेरून बोटं. मग वस्तऱ्याला जोर लागतोच कशाला?"

म्हाळू थबकला. "म्हणजे मडक्यासारखंच की! चाकावर आतला हात सांभाळतो, म्हणून बाहेरचा हात नुसता टेकवला तरी पुरतो."

"मग इतके दिवस काय सांगतोय मी?"

"तू वस्तऱ्याचं सांगत होतास रे. मला कळतं मडक्यातलं."

त्या दिवसापासून म्हाळूचा हात बसत गेला. पुनवेच्या आदल्या सकाळी त्याने स्वतःची दाढी केली आणि कुठे रक्ताचा ठिपकाही आला नाही. तुळाजीने हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, नीट पाहिली आणि म्हणाला, "जमलं गड्या. झाली तुझी दाढी."

"माझ्या दाढीसाठी कोण शिकलं?" म्हाळू म्हणाला. "आता तू बस."

तुळाजीचा चेहरा एकदम उतरला. तो आत जायला उठला. "नाही. मी आजवर कुणापुढे मान केली नाही. आणि तू तर कालचा शिकाऊ! हात थरथरतोय बघ तुझा."

थरथरत होताच. म्हाळूने वस्तरा खाली ठेवला, मान वर केली आणि व्रण दाखवला.

"त्या दिवशी तुला येत होतं का रे? तुझाही हात थरथरत होता. मी बसलो ना तुझ्यापुढे?"

तुळाजी दारातच उभा राहिला. मग तो हळूहळू मागे आला, ओट्यावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्यापुढे मान वर केली.

म्हाळूने कात्रीने दाढी उतरवली, कोमट पाणी चोळचोळून खुंट मऊ केले, डाव्या हाताने कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. त्या पांढऱ्या दाढीखालून हळूहळू त्याचा जुना तुळ्या बाहेर येऊ लागला. म्हाळूचे डोळे भरून आले, म्हणून त्याला मधेच थांबून ते पुसावे लागले.

"डोळे मिटले की काय वाटतं, ते आज कळलं," तुळाजी म्हणाला. "सगळा गाव माझ्यापुढे असा बसायचा. केवढा भरवसा टाकला रे लोकांनी माझ्यावर!"

"बोलू नको, वस्तरा लागेल," म्हाळू म्हणाला, आणि लागलाच! हनुवटीखालीच लागला. म्हाळूचा चेहरा पांढराफटक पडला.

तुळाजीने बोट लावून रक्त पाहिलं आणि म्हणाला, "बनाईला सांग, बाभळीचा काटा लागला."

मग ते दोन म्हातारे असे हसले, की बनाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी ठकू आली. बापाचा उजळ चेहरा बघून तिला आनंदाने रडूच आलं. बाजाराचाच दिवस होता. तुळाजी स्वतः चिंचेखाली गेला आणि त्या तरुण न्हाव्याला म्हणाला, "त्या दिवशी तुला उगाच बोललो. चल, माझ्या नातवाचं जावळ तुझ्या हातून होऊ दे." बाळ आजोबाच्या मांडीवर बसलं. तुळाजीने थरथरत्या हातांनी बाळाचे दोन्ही गाल धरले, आणि ती थरथर बाळाला गंमतच वाटली. जावळ होईस्तोवर ते खुदुखुदु हसत राहिलं.

मुलांनो, आणि मागे बसलेल्या थोरांनो, तात्पर्य एवढंच: ज्या माणसांनी आपल्यावर जन्मभर भरवसा टाकला, त्यांच्या हाती एक दिवस आपली मान द्यायलाही शिकावं.